लाकडी जमीन घासण्याआधी

न्यू जर्सी किंवा बॉस्टनच्या उपनगरात जुने घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबाला घरासोबत बरेचदा ओकची लाकडी जमीनही मिळते. कार्पेट उचकटले की खाली सव्वादोन इंच रुंदीच्या पट्ट्या दिसतात. दारापासून स्वयंपाकघरापर्यंतची वाट पांढुरकी पडलेली असते, सिंकसमोर काळे डाग असतात, खुर्च्यांखाली ओरखडे असतात. घासायचे यंत्र हार्डवेअरच्या दुकानात दिवसाच्या भाड्याने मिळते, त्यामुळे शनिवारी सकाळी यंत्र आणून सगळे घासून काढायचा बेत ठरतो. तो बेत आठवडाभर पुढे ढकलावा आणि आधी एक प्रश्न सोडवावा, असे मला कळकळीने सांगायचे आहे. झिजले आहे ते लाकूड, की त्यावरचा पारदर्शक लेप?

लेप म्हणजे पॉलिश. तीन हात मारले तरी त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासच भरते. बुटांबरोबर घरात येणाऱ्या वाळूत क्वार्ट्‌झचे कण असतात. मोह्‌जच्या काठिण्यमापावर क्वार्ट्‌झचा क्रमांक ७, म्हणजे साध्या पोलादापेक्षाही वर. अशा कणांपुढे कोणताही लेप टिकत नाही. पायाखाली दबलेला प्रत्येक कण त्यावर बारीक चर पाडतो. चपला दाराबाहेर काढायची आपली सवय लाकडी जमिनीचे आयुष्य खरोखर वाढवते.

वाट पांढुरकी दिसते, त्याचे कारण प्रकाशात आहे. लाकडाच्या पेशीभित्तीचा अपवर्तनांक सुमारे १.५ आणि पॉलिशचाही जवळपास तेवढाच. त्यामुळे प्रकाश लेपातून लाकडात फारसा अडथळा न होता शिरतो, आतल्या रंगद्रव्यात मुरतो आणि लाकडाला गडद, खोल रंग येतो. लेपावर चर पडले की मधे हवा येते. हवेचा अपवर्तनांक १. घन वस्तूतून हवेत आणि हवेतून पुन्हा वस्तूत जाताना प्रकाश पृष्ठभागावरच विखुरतो, आणि विखुरलेला प्रकाश डोळ्याला पांढरट दिसतो. म्हणजे पांढुरकेपणा हा पुष्कळदा फक्त लेपाचा आजार असतो. खालचे लाकूड धडधाकट असते.

ते ओळखायला पाण्याचे चार थेंब पुरतात. झिजलेल्या जागी थेंब टाकून पाच मिनिटे थांबावे. थेंब गोल उभा राहिला तर लेप शाबूत आहे. त्याच्याखालचे लाकूड काळवंडले तर लेप तिथे संपला आहे आणि पाणी थेट लाकडाच्या वाहिन्यांत शिरते आहे. पहिल्या प्रकारात जमीन स्वच्छ करून, जुना लेप बारीक जाळीने किंवा पॅडने नुसता खरवडून, वर एक-दोन नवे हात मारले की काम होते. लाकडाला हातही लागत नाही. एक अट मात्र आहे: जमिनीवर पूर्वी मेण लावलेले नसावे. मेणाची पृष्ठऊर्जा इतकी कमी असते की नवा लेप त्यावर पसरत नाही, त्यात गोल खळगे पडतात आणि नंतर तो पापुद्र्यासारखा सुटतो. कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर थोडे टर्पेंटाइन घेऊन चोळावे. फडके पिवळट-तपकिरी चिकट झाले तर मेण आहे.

एवढी काटकसर कशासाठी? सलग ओकची पट्टी १९ मिलिमीटर जाडीची असते, पण शेजारच्या पट्ट्या एकमेकींत अडकवणारी खाच तिच्या मध्यावर असते. खाचेच्या वर साधारण सहा मिलिमीटर लाकूड उरते. पूर्ण घासाईत अर्धा ते एक मिलिमीटर जातो. शंभर वर्षे जुन्या घरात आधीच्या मालकांनी दोन-तीनदा तरी घासाई केलेली असू शकते. खाचेजवळ पोचलेल्या जमिनीत खिळ्यांची डोकी वर येतात आणि पट्टीच्या कडा पिचू लागतात. मग घासण्यासारखे काहीच उरत नाही. पुण्या-मुंबईच्या नव्या फ्लॅटमधले वुडन फ्लोअरिंग अनेकदा लॅमिनेट असते. त्यात वर लाकडाचे छायाचित्र छापलेला कागद असतो, तो घासताच येत नाही.

लाकूड खरेच उघडे पडले असेल तर घासाईला पर्याय नाही. पॉलिश पेपरचा क्रमांक जितका मोठा तितके त्यावरचे कण बारीक. जुन्या, लेप साचलेल्या जमिनीला ३६ किंवा ४० नंबरने सुरुवात करतात, मग ६०, ८० आणि शेवटी १००. प्रत्येक पेपरचे काम एकच: आधीच्या पेपरने पाडलेले चर पुसणे. ४० वरून थेट १०० वर उडी मारली तर खोल चर तसेच राहतात. सुक्या लाकडावर ते दिसत नाहीत, पण रंग किंवा पॉलिश चढले की आडवे-तिडवे उठून दिसतात. उलट १५० किंवा २०० पर्यंत जाण्यातही अर्थ नाही, कारण फार गुळगुळीत लाकडात रंग नीट मुरत नाही. ड्रम फिरत असताना यंत्र एका जागी क्षणभर जरी थांबले तरी तिथे खळगा पडतो. म्हणून यंत्र चालायला लागल्यावरच ड्रम खाली टेकवायचा आणि थांबण्याआधी उचलायचा.

सगळ्यात महागडी चूक ओलाव्याची. लाकूड हवेतली वाफ शोषून फुगते आणि सोडून आकसते, तेही सर्व दिशांना सारखे नाही. लांबीत फरक नगण्य, पण वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने तो त्रिज्येच्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट. लाल ओकमधला ओलावा ४ टक्क्यांनी बदलला तर ५७ मिलिमीटरची पट्टी सुमारे ०.८ मिलिमीटरने रुंद किंवा अरुंद होते. अमेरिकेत हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी पडते आणि पट्ट्यांमध्ये फटी दिसतात. त्या पुट्टीने बुजवू नयेत. उन्हाळ्यात पट्ट्या फुगतात आणि बुजवलेला माल चिरडून बाहेर येतो. जमिनीखालून ओल आली असेल तर पट्टीची खालची बाजू जास्त फुगते, कडा वर उचलल्या जातात आणि पट्टी पन्हळीसारखी खोलगट होते. अशी जमीन घाईने घासून सपाट केली की वर आलेल्या कडा कापल्या जातात. काही महिन्यांनी ओल निघून गेल्यावर पट्टी मूळ आकारात येते, आणि आता कडा पातळ व मध्य उंच, असा कायमचा फुगवटा उरतो. आधी गळती शोधावी, ओलावामापकाने पट्टी आणि खालचा फळ्यांचा थर यांचे आकडे स्थिर झालेले पाहावेत, मगच यंत्र आणावे.

सिंकसमोरचे काळे डाग घासून जातीलच असे नाही. ओकमध्ये टॅनिन भरपूर असते. त्याला पाणी आणि लोखंड मिळाले की काळे संयुग तयार होते. हिरडा आणि हिराकस यांपासून काळा रंग बनतो तो याच रासायनिक क्रियेने. खिळ्यांभोवतीचे काळे ठिपके तेच. ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण लोखंडाला बांधून घेते आणि डाग फिका होतो. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे घालावेत, नंतर जमीन पाण्याने नीट पुसावी, आणि आम्ल लाकडात शिल्लक असताना घासू नये.

लेपांचा इतिहास भारताशी जोडलेला आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अनेक घरांच्या जमिनींवर स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख चढवलेली असे. लाख ‘केरिया लॅका’ या कीटकाचा स्राव. आजही झारखंड आणि छत्तीसगडच्या जंगलांतले पळस, बोर आणि कुसुम हे तिचे यजमान वृक्ष आहेत, आणि तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ १९२४ पासून संस्था आहे. जुन्या लेपावर स्पिरिटचा थेंब टाकल्यावर तो मऊ, चिकट झाला तर ती लाख समजावी. लाख पाण्याने पांढरी पडते, म्हणून नंतर पॉलियुरेथेन आले. त्याचे रसायनशास्त्र ओटो बायर यांनी १९३७ मध्ये जर्मनीत उभे केले. तेलाधारित पॉलियुरेथेन लाकडाला मधाळ छटा देते आणि काळाबरोबर पिवळे होते. पाण्यावर आधारित प्रकार रंगहीन राहतो, वास कमी आणि वाळतो लवकर. मुलाबाळांच्या घरात मी दुसरा निवडेन. दोन्ही हाताला कोरडे लागले तरी पूर्ण घट्ट व्हायला आठवडे जातात, तोवर गालिचा अंथरू नये. गिरगावातल्या जुन्या इमारतीत सागवानाची जमीन असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. सागाच्या अंगचे तेल लेपाला धरू देत नाही, म्हणून घासल्याबरोबर थिनरने पुसून लगेच पहिला हात मारावा.

धुळीबद्दल बोलायला हवे. लाकडाचा भुसा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ पासून निश्चित कर्करोगकारक गटात ठेवला आहे. साधा कापडी रुमाल पुरत नाही, नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क हवा. अमेरिकेतले घर १९७८ पूर्वीचे असेल तर जुन्या रंगात शिसे असू शकते. तिथे तपासणी झाल्याशिवाय पेपर लावू नये.

आणि शेवटी, तेलाची फडकी. जवसाचे तेल हवेत सुकते म्हणजे उडून जात नाही. त्यातली असंतृप्त मेदाम्ले ऑक्सिजन घेऊन एकमेकांत गुंफली जातात आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. जमिनीवर पसरलेल्या तेलातून ती सहज निघून जाते. बोळा करून टाकलेल्या फडक्यात ती कोंडते, तापमान वाढते, क्रिया आणखी वेग घेते आणि काही तासांत फडके आपोआप पेटते. २३ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री फिलाडेल्फियातल्या ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीत असेच झाले. लाकडी पॅनेलांच्या कामानंतर बाविसाव्या मजल्यावर राहिलेल्या जवसतेलाच्या फडक्यांपासून आग लागली. तीन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले आणि आठ मजले जळाले. तिसाव्या मजल्यावरच्या पाण्याच्या फवाऱ्यांनी आग रोखली. तेलाधारित पॉलिशची फडकी आणि घासाई यंत्राच्या पिशवीतला लेपमिश्रित भुसाही असाच पेटू शकतो. काम संपल्यावर कितीही थकलात तरी पिशवी घराबाहेर रिकामी करा. प्रत्येक फडके बाहेर एकेक करून पसरून कडक वाळू द्या, किंवा पाण्याने भरलेल्या, झाकण असलेल्या धातूच्या डब्यात बुडवा, आणि त्यानंतरच झोपायला जा.