किवू सरोवरातला गॅस

रवांडातलं कारोंगी हे किवू सरोवराच्या काठचं गाव. दिवेलागणीला इथल्या होड्या सांबाझा नावाच्या चिमुकल्या मासळीसाठी बाहेर पडतात. तीन-तीन होड्या लांब वाशांनी एकत्र जखडलेल्या, त्यांवर दिवे, आणि कोळी गात गात वल्ही मारतात. पाण्याला ना बुडबुडा, ना वास. पण त्याच पाण्यात खोलवर सुमारे ६० अब्ज घनमीटर मिथेन विरघळलेला आहे आणि त्याच्या पाचपट कार्बन डायऑक्साइड.

हा परिसर ज्वालामुखींचा. जमिनीतून कार्बन डायऑक्साइड झिरपतो. त्यातल्या काहीपासून आणि तळाशी कुजणाऱ्या गाळापासून जिवाणू मिथेन तयार करतात. तळाचं पाणी क्षारांमुळे जड, त्यामुळे ते वरच्या पाण्यात मिसळत नाही. वरच्या पाण्याच्या दाबामुळे गॅसही सुटत नाही.

किनाऱ्यापासून १३ किलोमीटर आत ‘किवूवॉट’ या वीज प्रकल्पाचा तरंगता मंच नांगरलेला आहे. तिथून सुमारे ३५० मीटर खोल नळ सोडलेत. पंपाने पाण्याला वर यायला सुरुवात करून द्यायची, एवढंच. पाणी चढू लागलं की दाब उतरतो आणि गोटी सोड्याची गोटी दाबावी तसा गॅस फसफसतो. बुडबुड्यांनी हलकं झालेलं पाणी मग आपसूक वर धावतं. सुटलेला गॅस पाण्याने धुतात. कार्बन डायऑक्साइड त्यात चटकन विरघळतो, मिथेन बराचसा मागे उरतो. तो नळाने किनाऱ्यावरच्या इंजिनांत जातो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राची क्षमता २६ मेगावॅट. समुद्रकिनारा नसलेल्या आणि डिझेल परदेशातून आणावं लागणाऱ्या देशाला घरचं इंधन मिळालं.

खरी कसरत पुढेच आहे: गॅस काढून घेतलेलं पाणी सोडायचं कुठे? पृष्ठभागावर सोडलं तर त्यातल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ माजेल आणि मासळीवर गदा येईल. फार खाली सोडलं तर तिथला उरलेला गॅस विरळ होईल. भलत्याच थरात सोडलं तर थरांची घडी विस्कटेल. ही घडी मोडली तर काय होतं, हे कॅमेरूनच्या न्योस सरोवराने १९८६ मध्ये दाखवलं. तिथून उसळलेल्या कार्बन डायऑक्साइडने सुमारे १,७०० माणसं गुदमरून मेली. किवू त्याहून कितीतरी मोठं, आणि रवांडा व काँगोच्या बाजूने त्याच्या काठांवर लाखोंची वस्ती.

म्हणून पाणी ठरवून दिलेल्या खोलीवरच परत जातं. देखरेख करणारे लोक सरोवरात उपकरणं सोडून तापमान, क्षारता आणि विरघळलेल्या गॅसचा दाब मोजत राहतात. वीज किती झाली ते मीटर सांगतो. काम नीट झालं का, ते या नोंदी सांगतात.