राजधानीची जुनी बिऱ्हाडं

नागपूरकराने शहराच्या वयाचा तोरा मिरवू नये. देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर नाग नदीकाठची बारा खेडी जोडून हे शहर वसवलं, म्हणजे वय जेमतेम सव्वातीनशे वर्षं. पैठणच्या पंगतीत बसवलं तर हे शेंबडं पोर. मात्र या पोराने राजवटी भरपूर पाहिल्या. आधी गोंड, मग भोसले, 1861 पासून मध्य प्रांताची राजधानी, आणि आता हिवाळी अधिवेशनापुरती जाग येणारी उपराजधानी.

राजधानी या मुलखात गोंडांनीच आणली, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. जबलपूर रस्त्याने पन्नासेक किलोमीटर गेल्यावर तो समज गळून पडला. ती तर पंधराशे वर्षांपूर्वीच इथे राहायला आली होती. पुढे फक्त बिऱ्हाड बदलत राहिली.

वाटेत कामठी लागते. सीताबर्डीच्या लढाईनंतर, 1821 मध्ये इंग्रजांनी कन्हान नदीकाठी छावणी टाकली आणि तिच्याभोवती गाव वाढलं. नागपूरचे लोक कामठीला जातात ते बहुधा ड्रॅगन पॅलेस बघायला. भूगर्भशास्त्रज्ञाला मात्र ‘कामठी’ म्हटलं की गाव आठवत नाही, खडक आठवतो. गोंडवन थरांमधल्या एका वालुकाश्माला या गावाचं नाव आहे आणि त्याचं वय पंचवीस कोटी वर्षांच्या घरात जातं. पश्चिम नागपूरचा काळा कातळ लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे शहरातून कामठीला निघालेला माणूस अर्ध्या तासात एका भूयुगातून दुसऱ्यात उतरतो, तेही तिकिटाशिवाय! आणि आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, भारत एकत्र होते त्या महाखंडाला शास्त्रज्ञांनी ‘गोंडवन’ म्हटलं, ते नाव याच गोंडांच्या मुलखावरून गेलेलं.

पण माझा जीव गुंतला तो नगरधनमध्ये. रामटेकच्या दक्षिणेला सात-आठ किलोमीटरवर हे गाव आहे. भोसलेकालीन किल्ला पाहून लोक परत फिरतात. खरी गोष्ट गावाच्या आणि शेतांच्या मातीखाली आहे. हे वाकाटक राजांचं नंदिवर्धन, त्यांची राजधानी. 2015 ते 2018 या काळात राज्याच्या पुरातत्त्व विभागाने आणि डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केलं, तेव्हा मातीचा एक लंबगोल शिक्का हाती लागला. वजन सात ग्रॅमही नाही. त्यावर शंख आणि ब्राह्मी अक्षरांत एका बाईचं नाव: प्रभावतीगुप्ता.

ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा रुद्रसेन दुसरा याची राणी. नवरा लवकर गेला, मुलं लहान, म्हणून राज्याचा गाडा तिने ओढला. एवढं आपल्याला आधीच ठाऊक होतं, कारण नंदिवर्धनाहून तिने दिलेला दानाचा ताम्रपट पुण्यात मिळाला होता. त्यात एक गंमत आहे. दानपत्राच्या आरंभी राजे आपली वंशावळ सांगतात. प्रभावतीने सासरची न सांगता माहेरच्या गुप्तांची सांगितली. इतिहासकार यावरून गुप्तांच्या वजनाबद्दल बरंच लिहितात. मला आपलं वाटतं, बाई खमकी असणार. ताम्रपट प्रवास करतो, हातोहात कुठेही जाऊन पोचतो. हा शिक्का मात्र उत्खननात, इथल्याच मातीत हाती लागला. म्हणून त्या इवल्याशा शिक्क्याचं मोल. ‘इथे तिचा कारभार होता’ असं तो जागेवर उभा राहून सांगतो.

तिच्या मुलाने, दुसऱ्या प्रवरसेनाने, राजधानी प्रवरपुराला हलवली. प्रवरपूर कुठलं, यावर विद्वानांची जुंपली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी वर्ध्याजवळचं पवनार सांगितलं. पुढे रामटेकजवळच्या मनसरला हिडिंबा टेकडीखालून विटांचं प्रचंड देवालय निघालं, ‘प्रवरेश्वर’ नावाचे शिक्के निघाले, आणि पारडं मनसरकडे झुकलं. तसं असेल तर केवढी ही बदली! नंदिवर्धनाहून बैलगाडीने दुपारपर्यंत पोचावं इतकीच. तिथली वामन रूपातल्या शिवाची देखणी मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे; मनसरला जाऊन ती शोधू नका. मधला रामटेकचा गड तर सगळ्यांच्या ओळखीचा, त्याबद्दल मी वेगळं काय सांगू? कालिदासाचा रामगिरी हाच, हे मिराशींनी हिरिरीने मांडलं, आणि गडावरून आषाढातले ढग बघताना वाद घालायची इच्छाच होत नाही.

आता दुसऱ्या दिशेला, काटोल रस्त्याने. शहरापासून दहाएक किलोमीटरवर जुनापाणी. इथे राजाचं नाव नाही, लिपी नाही. काळ्या धोंड्यांची वर्तुळं आहेत, सुमारे तीनशे. लोखंड वापरणाऱ्या, वाकाटकांच्याही शेकडो वर्षं आधीच्या लोकांची ही दफनं. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1867 च्या सुमारास इथे खणलं. धोंड्यांवर ओळीने कोरलेल्या वाटीसारख्या खाचा पाहून त्याला स्कॉटलंडमधल्या दगडांची आठवण झाली. 1962 मध्ये बी. के. थापर यांनी पुन्हा उत्खनन केलं. अलीकडे खगोलाच्या अभ्यासकांनी खाचांचे धोंडे वर्तुळात कुठल्या दिशेला बसवलेत ते मोजलं, आणि त्यांना त्यात ठरावीक कोन दिसले. जवळच माहुरझरीला तर माणसांबरोबर घोडे पुरलेले सापडले, तेही तांब्याच्या शिरोभूषणांसह.

मी गेलो तेव्हा एका वर्तुळात शेळ्या चरत होत्या. राखणाऱ्या आजोबांना विचारलं, “या खाचा कशाच्या हो?”

“दगडाच्या,” ते म्हणाले, आणि शेळी हाकलायला उठले.

खाचेत अंगठा ठेवून पाहिला. बरोबर बसला.