बिडी, जनुकं आणि फुप्फुस

विदर्भात तंबाखूविरुद्ध बोलायला उभं राहिलं की समोरून हमखास ऐकू येतं, "आमचा आजा नव्वदीपर्यंत बिडी ओढत होता, काही झालं नाही त्याला." हे बोलणं हसण्यावारी नेऊ नये, त्यात खरा प्रश्न आहे. एकाच धुराने एकाचं फुप्फुस पोखरावं आणि शेजारच्याचं नाही, असं का?

१९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांत विचारपूस करून धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं नातं दाखवलं. थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर, स्वतः पाइप ओढणारे, यांनी शंका काढली: एखादं जनुकच माणसाला सिगारेटकडे ओढत असेल आणि कर्करोगही तेच देत असेल तर? पुढे बऱ्याच वर्षांनी, २००८मध्ये, तीन संशोधक गटांनी पंधराव्या गुणसूत्रावर बोट ठेवलं. निकोटिनला पकडणाऱ्या प्रथिनांची जनुकं तिथे आहेत. त्यांतला एक बदल असलेला माणूस जास्त ओढतो, त्याला व्यसन सोडणं जड जातं आणि त्याचा कर्करोगाचा धोकाही वाढतो. पण कधीच न ओढणाऱ्यात हा बदल फारसा काही करत नाही. फिशर चुकले ते इथे.

धुरातलं बेंझोपायरीन शरीर बाहेर टाकू पाहतं, आणि त्या खटपटीत ते आधी अधिक घातक होऊन डीएनएला चिकटतं. त्याला निष्प्रभ करणाऱ्या विकरांपैकी एकाचं जनुक, जीएसटीएम-१, कित्येकांच्या अंगात मुळातच नसतं. युरोपात तर जवळपास निम्म्यांत. तरीही ते नसल्याने धोका थोडाच वाढतो. आज्याला नेमकं कशाने तारलं, हे एका जनुकावरून सांगता येत नाही. नातवाला तेच तारेल असं तर मुळीच नाही.

गोंदिया-भंडाऱ्याकडे तेंदूपत्ता आणि बिडीवर कित्येक घरं चालतात. नागपुरात १९८०पासून कर्करोगाची नोंदणी आहे. पण तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यामुळे इथे तोंडाच्या कर्करोगाची चर्चा जास्त होते, फुप्फुसाचा मागे पडतो. शिवाय खोकला, उतरलेलं वजन, एक्स-रेवर डाग एवढ्यावर अनेकदा टीबीची औषधं सुरू होतात, आणि मोलाचे महिने हातचे जातात.

कधी बिडीला हात न लावलेल्या बाईला फुप्फुसाचा कर्करोग झाला की घरचे हादरतात, मुलांना होईल का म्हणून विचारतात. अशा गाठींत ईजीएफआर जनुकातला बदल बरेचदा सापडतो. तो सहसा आईबापांकडून आलेला नसतो, गाठीतच घडलेला असतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या एका मोठ्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या मुख्य प्रकारात साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत तो आढळला. तो असेल तर रोग पसरलेला असतानाही गेफिटिनिब किंवा ओसिमर्टिनिबच्या गोळीने आजार बराच काळ आटोक्यात राहू शकतो. म्हणून नागपुरात मानेवाडा रोडवरच्या तुकडोजी कर्करोग रुग्णालयात असो की जामठ्याच्या, बायोप्सी होतानाच नातेवाइकांनी ईजीएफआरची तपासणी विचारून घ्यावी. तुकडा अपुरा पडला तर ती रक्तावरही होते.