गवताचे ऋतू : दख्खनची कुरणे आणि हवामान

बेंगळुरूच्या शिवाजीनगर भागात आज कुरण शोधूनही सापडणार नाही. बाजार, प्रार्थनास्थळे आणि दाट वस्ती यांनी ती भूमी व्यापली आहे. तथापि तेथील पावसाचा क्रम दख्खनच्या गवताचे जीवन समजून घेण्यास उपयोगी पडतो. सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरात एप्रिल-मेमध्ये वळवाच्या सरी येतात, पुढे नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याचा जोर वाढतो. याउलट माण, फलटण, बारामती या सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील भागांत वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही मुख्यतः जून ते ऑक्टोबर या काळातला. साहजिकच तेथे गवताच्या वाढीचा काळ अधिक आखूड असतो.

मारवेल, पवन्या, कुसळी ही उष्ण प्रदेशातील गवते कडक उन्हात व अल्प पाण्यात अन्न तयार करण्यास विशेष समर्थ असतात. ३० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात त्यांची वाढ जोमाने होते. १५ अंशांच्या खाली ती जवळजवळ थांबते. म्हणून पठारावर पाऊस संपला की ओल आणि ऊब ही दोन्ही एकदमच ओसरू लागतात. येथे एकूण पावसापेक्षा त्याची वाटणी अधिक महत्त्वाची ठरते. एकाच दिवशी कोसळलेला पाऊस उताराच्या मुरमाड जमिनीवरून वाहून जातो. तेवढाच पाऊस आठवड्या-आठवड्याने पडला तर मुळांशी मुरतो.

वाढ आणि कस या मात्र भिन्न गोष्टी होत. पहिल्या पावसानंतरचे कोवळे गवत प्रथिनांनी समृद्ध असते. फुलोरा येताच काडी निबर होते, कस उतरतो. कोकणात पाऊस कित्येक पटींनी अधिक, गवतही उंच. परंतु सततच्या पावसाने जमिनीतील पोषकद्रव्ये वाहून जातात व चारा भरड निपजतो. अधिक पाऊस म्हणजे अधिक चांगले कुरण, असे समीकरण मांडता येत नाही.

कुसळीच्या बीजाला पीळदार केसासारखे टोक असते. हवेतील दमटपणा वाढला की पीळ सुटतो, हवा कोरडी झाली की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने बी जमिनीत रुजते. मेंढीच्या लोकरीतही शिरते. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ पाहणाऱ्या म्हणीमागे हा गवताळ माळाचा रोजचा अनुभव आहे.

या हवामानाशी माणसाने व्यवस्था बसविली ती दोन प्रकारांनी. म्हैसूरच्या राजांनी अमृतमहाल गुरांसाठी 'कावल' राखले. कन्नड 'कावल' या शब्दात राखणीचा अर्थ आहे, जसा मराठीत 'राखीव कुरण' या संज्ञेत. पावसाळी, हिवाळी आणि उन्हाळी अशी त्यांची विभागणी असे. उन्हाळी कावल बहुधा तळ्यांच्या पात्रांत असत, कारण तेथे वैशाखातही थोडी हिरवळ, पाणी आणि सावली मिळे. महाराष्ट्रातील मेंढपाळ धनगरांनी जमीन न राखता वाट राखली : पावसाळ्यात देशावर, आणि तेथील चारा सरल्यावर कोकणात. पावसाळ्यातील कोकणची चिखलट ओल मेंढीला मानवत नाही. गुंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या देवतांचा अभ्यास केला, तोही या पशुपालक जीवनाच्या संदर्भातच. त्या परंपरेचा अभ्यासक गवताचे पंचांग टाळू शकत नाही.

१९७२च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१२-१३मध्ये महाराष्ट्रात गुरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या. असे वर्ष आले म्हणजे राखीव चाऱ्याचे मोल कळते. तरीही मार्च-एप्रिलमध्ये माळाकडे पाहणारा त्याला 'पडीक' म्हणून मोकळा होतो. पिवळ्या काड्यांखाली मुळे जिवंत असतात व पहिल्या वळवाबरोबर कोंब फुटतात, हे त्या शब्दात दिसत नाही. माळ एकदा पडीक ठरला की तो नांगरणे, त्यावर झाडे लावणे वा इमारती उभारणे सोपे होते. आणि एकदा उलथलेली जुनी मुळे पुढच्या पावसाने परत येत नाहीत. 'कुरण', 'गायरान' आणि 'पडीक' यांतील भेद म्हणूनच केवळ कोशाचा विषय नव्हे. भूमीला कोणत्या ऋतूत पाहून नाव दिले गेले, त्यावर तिचे आणि तिच्यावर जगणाऱ्यांचे भवितव्य अवलंबून असते.