गोल्फच्या काठीनं गादी हलवली!

परळीच्या वैजनाथाचं देऊळ नव्यानं बांधून काढलं अहिल्याबाई होळकरांनी. त्यांचं जन्मगाव चौंडी, म्हणजे आपल्या आष्टी-पाटोद्याशेजारचा जामखेड तालुका. तेव्हा होळकरांच्या घरातली भानगड बीडकरांना परक्याची कशी वाटेल? आणि १९२५ची ती भानगड होतीही झणझणीत.

इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या दरबारातली नर्तकी मुमताज बेगम. आगगाडीच्या प्रवासात दिल्लीला उतरली, ती इंदूरला परत गेलीच नाही. मुंबईला आली आणि कापड-व्यवसायातला तरुण धनिक अब्दुल कादर बावला याच्या आसऱ्याला राहिली. १२ जानेवारीच्या संध्याकाळी दोघं मलबार हिलवर मोटारीतून फिरत होते. मागून आलेल्या मोटारीनं धडक दिली. गोळ्या सुटल्या, बावला कोसळला, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले.

इथवर सगळं मारेकऱ्यांच्या मनासारखं. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे गोरे लष्करी अधिकारी तिथं टपकले. लेफ्टनंट सेगर्टकडं हत्यार म्हणून होती फक्त गोल्फची काठी. पिस्तुलाविरुद्ध काठी! गोळी लागली तरी गडी हटला नाही. मुमताज वाचली, हल्लेखोर हाती लागला.

माझ्या मते बातमी फुटली ती याच क्षणी. साक्षीदार एखादा फेरीवाला असता, तर त्याचं तोंड बंद करायला कितीसा वेळ लागला असता? गोऱ्या साहेबांचं तोंड कोण बंद करणार! पकडलेल्यांचे धागे इंदूरपर्यंत गेले. खटला उभा राहिला, इंदूरच्या फौजेतले आनंदराव फणसे आरोपी आणि त्यांचे वकील बॅरिस्टर जिना. होय, तेच जिना. तिघांना फाशीची शिक्षा झाली.

आता सिनेमावाल्यांची चपळाई पाहा. त्याच वर्षी कोहिनूर फिल्म कंपनीनं या प्रकरणावर ‘कुलीन कांता’ काढला. मूकपट होता, पण कुणाबद्दल आहे हे सगळ्यांना ऐकू आलं!

अशी भानगड दाबू म्हटलं तरी दबत नाही, हे पाहायचं तर रशियात जावं लागतं. बायकोवरून निनावी पत्रं आली आणि कवी पुश्किन १८३७ मध्ये पिस्तुलाच्या द्वंद्वात मेला. सरकारनं बोभाटा नको म्हणून शव रातोरात गावाबाहेर काढलं. पण लेर्मोंतोव्हनं त्याच्यावर कविता लिहिली, लोकांनी ती हातानं उतरवून घरोघर पोचवली. कवीला शिक्षा झाली, कवितेला कोण पकडणार?

१९२५ मध्ये बीड निजामाच्या राज्यात. शहराला रेल्वे मिळाली २०२५ मध्ये, म्हणजे बावला प्रकरणानंतर बरोबर शंभर वर्षांनी. कुजबुजीला मात्र रूळ लागत नाहीत. त्यात हे लचांड एका संस्थानिकाचं, म्हणजे निजामानंही कान टवकारावेत असं. फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडली. पुढच्याच महिन्यात व्हाइसरॉय रीडिंग यांनी वऱ्हाड परत मागणाऱ्या निजामाला पत्रानं ठणकावलं, की सार्वभौम ब्रिटिश सत्ताच.

तुकोजीरावांवर खटला कधीच चालला नाही. चौकशीला सामोरं जा की गादी सोडा, एवढाच पर्याय समोर होता. त्यांनी गादी मुलाला दिली. १९२८ मध्ये सिएटलच्या नॅन्सी मिलरशी लग्न केलं, ती शर्मिष्ठादेवी झाली, आणि वर्तमानपत्रांना पुन्हा खाद्य मिळालं. गादी सोडताना ते ३५ वर्षांचे होते. त्यानंतर ५२ वर्षं जगले आणि १९७८ मध्ये पॅरिसमध्ये वारले.