जुन्या मोटारसायकलींची जुनी चाके : एक मागोवा

दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या बीएसए एम-20, नॉर्टन 16-एच आणि मॅचलेस जी-3एल या इंग्रजी गाड्या भारतात नागरी वापरात आल्या. तिन्हींची दोन्ही चाके 19 इंची आणि टायर 3.25-19 मापाचे. 1955 मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया सुरू झाली. तिथल्या बुलेटची चाकेही 19 इंची आणि 40 आऱ्यांची होती. त्यामुळे जुन्या इंग्रजी गाडीची रिम गंजली, की बुलेटच्या रिमवर काम भागू लागले.

पुढच्या काळात ही एकसारखी मापे राहिली नाहीत. 1961 पासून म्हैसूरला तयार होणारी जावा 250 सोळा इंची चाकांवर चाले. नंतरच्या येझदी रोडकिंगची चाके 18 इंची. सत्तरच्या दशकात नगर-दौंड रस्त्यावरच्या कायनेटिकच्या कारखान्यात लूना मोपेड बनू लागली; तिची सडपातळ चाके मोटारसायकलीला निरुपयोगी. 1985 ची यामाहा आरएक्स 100 पुन्हा 18 इंची, 36 आऱ्यांची. परिणामी भंगारात वेगवेगळ्या पिढ्यांची चाके एकत्र पडू लागली. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार हे अशा मालाचे परिचित ठिकाण.

चाक ओळखताना आधी रिमवरचा ठसा पाहतात. ‘डब्ल्यूएम 2-19’ म्हणजे रुंदी 1.85 इंच आणि व्यास 19 इंच; डब्ल्यूएम 1 ची रुंदी 1.60, डब्ल्यूएम 3 ची 2.15 इंच. ठसा पुसला असेल, तर टायर जिथे बसतो तिथला व्यास मोजावा लागतो. बाहेरच्या काठावरून मोजल्यास तो इंचभर जास्त भरतो. मग भोके मोजतात. 36 भोकांची रिम 40 आऱ्यांच्या हबला चालत नाही. आकडा जुळला तरी भोकांचा कल पाहणे आवश्यक असते, कारण निपल ज्या कोनात बसते तो हबच्या आकारावर ठरतो. रुंद ड्रमसाठी पाडलेली भोके अरुंद हबला लावली तर आरे निपलपाशी वाकून तुटतात. क्रोम बाहेरून चकचकीत असले तरी निपलच्या भोकांभोवतीचा गंज आतूनच दिसतो.

बसवताना खरी परीक्षा हबची. एक्सलची जाडी, बेअरिंग, स्पेसर आणि ब्रेकची पाटी अडवणारी खाच हे सारे फ्रेमशी जुळावे लागते. पाटी नीट अडली नाही, तर ब्रेक लावताच ती चाकाबरोबर फिरते. मागच्या हबला ड्रम एका बाजूला असल्याने रिम हबच्या मध्यावर नसते. म्हणून जुने आरे काढण्याआधी ड्रमच्या कडेपासून रिमपर्यंतचे अंतर मोजून ठेवतात. शेवटी आरे थोडे थोडे ताणून आउट म्हणजे चाकाचा वाकडेपणा काढतात, आधी वरखालचा, मग बाजूचा. आऱ्यांची निपलबाहेर आलेली टोके घासून, रिमपट्टी बसवून मगच ट्यूब घालतात.

जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनी 50 वर्षांहून जुन्या दुचाकींना ‘व्हीए’ मालिकेची नोंदणी दिली. गाडी मूळ रूपात असावी, ही त्यातली अट. सांगाडा आणि इंजिन यांतील मोठा बदल तिथे स्पष्टपणे वर्ज्य आहे. चाकांचा तसा वेगळा उल्लेख नसला, तरी मूळ रूपाच्या अटीमुळे त्याच काळातील, त्याच मापाच्या रिमला आता नुसत्या चालणाऱ्या रिमपेक्षा अधिक महत्त्व आले आहे.