बालकांची निद्रा (लेखांक चौथा) : घोरणारे मूल

मुलाला वयोमानाप्रमाणे किती तास झोप लागते याचा विचार गेल्या लेखांकात झाला. परंतु तेवढे तास अंथरुणात काढूनही ज्याची झोप अपुरीच राहते अशा मुलाचा प्रश्न त्यात बाजूस राहिला, आणि असे मूल पुष्कळदा घोरणारे असते. मूल घोरू लागले की ‘दमून गाढ झोपलंय’ असा निर्वाळा घरातील वडीलधारी मंडळी मोठ्या वात्सल्याने देतात. पण घोरणे हे स्वस्थ निद्रेचे लक्षण नसून, अरुंद झालेल्या मार्गातून श्वास ओढताना मऊ टाळू व पडजीभ थरथरल्याने होणारा तो ध्वनी होय. पडशाच्या दिवसांत चार रात्री घोरणाऱ्या मुलाची चिंता नको. पडसे नसतानाही आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री जे घोरते, त्याची मात्र दखल घेतलीच पाहिजे.

नाक जेथे घशाला मिळते तेथे वरच्या बाजूस अ‍ॅडिनॉइड नावाची ग्रंथी आणि घशाच्या दोन्ही अंगांना टॉन्सिल असतात. साधारण 2 ते 8 या वयात घशाच्या आकाराच्या मानाने त्या सर्वांत मोठ्या भासतात, आणि जागेपणी मार्ग खुला राखणारे स्नायू झोपेत शिथिल झाले की अडथळा उत्पन्न होतो. नाकाची अ‍ॅलर्जी, स्थूलता अथवा आखूड जबडा यांची त्यात भर पडते. कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मायर यांनी 1868 साली या ग्रंथीच्या वाढीचे वर्णन केले, आणि 1889 मध्ये तर विल्यम हिल या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये शाळेत मागे पडणाऱ्या मुलांच्या मंदपणाचा संबंध नाक-घशातील या अडथळ्याशी जोडला. इतका जुना दाखला उपलब्ध असूनही वर्गात चुळबुळणाऱ्या, चिडखोर मुलाची फिर्याद आली असता त्याच्या रात्रीची चौकशी क्वचितच होते, याचे मला नवल वाटते. झोपमोड झालेला प्रौढ दिवसा पेंगतो. मूल पुष्कळदा उलट अधिकच उच्छृंखल होते.

तपासाचा आरंभ घरीच करावा. मुलांतील अडथळा स्वप्नावस्थेच्या झोपेत बळावतो आणि ती झोप उत्तररात्री अधिक असते. सबब निजानीज झाल्यावर दारातून डोकावून खात्री करून घेणे व्यर्थ, कान द्यावा तो पहाटेच्या सुमारास. तोंड उघडे, मान मागे टाकलेली, कपाळावर घाम, छाती ओढली जाते पण क्षणभर आवाज नाही आणि मग एकदम आचका देऊन श्वास सुरू, असे आढळले तर मोबाइलवर त्याचे चित्रण करून डॉक्टरांस दाखवावे. खात्रीचे निदान मात्र रात्रभराच्या निद्रापरीक्षणानेच होते.

इलाजाच्या बाबतीत दोन्ही टोकांचे आग्रह आढळतात. विकार सौम्य असेल तर नाकात मारावयाचा स्टेरॉइडचा फवारा काही आठवडे वापरून, अ‍ॅलर्जी व वजन यांचा बंदोबस्त करून वाट पाहता येते. विकार प्रबळ असून ग्रंथी मोठ्या असतील तर त्या शस्त्रक्रियेने काढणे हाच मुख्य उपाय. अमेरिकेत 5 ते 9 वर्षांच्या 464 मुलांवर झालेल्या व 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सात महिन्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 79 टक्के मुलांचे निद्रापरीक्षण निर्दोष आले, तर नुसती देखरेख ठेवलेल्यांपैकी 46 टक्क्यांचे. वर्तन व जीवनमान यांत शस्त्रक्रियेचा गट सरस ठरला, अवधानाच्या परीक्षेत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे शस्त्रक्रियेने मूल रातोरात हुशार होईल ही आशा बाळगू नये, आणि तिच्या भयाने वर्षानुवर्षे दिरंगाईही करू नये. तीन वर्षांखालील मुलास शस्त्रक्रियेनंतरची रात्र रुग्णालयातच देखरेखीखाली ठेवावे लागते. स्थूल मुलांत घोरणे उरण्याचा संभव अधिक असल्याने त्यांची फेरतपासणी आवश्यक ठरते.

अशा मुलांत रात्री अंथरूण ओले होण्याची तक्रारही वारंवार आढळते. तिचा विचार पुढील लेखांकात करू.